उसगावचे जुन्या ट्रॅक्टरांचे वर्कशॉप: काम चोख, किंमत मात्र हॉटेलवाल्यांची

गोव्यातल्या उसगाव-तिस्क ते धारबांदोडा या पट्ट्यात महामार्गापासून थोडे आत एक वर्कशॉप आहे, जिथे जुने ट्रॅक्टर विकत घेतले जातात, पूर्ण खोलून दुरुस्त केले जातात आणि पुन्हा विकले जातात. दाराला पाटी नाही, गिऱ्हाईक तोंडी ओळखीनेच येते, म्हणून मीही नाव देत नाही. फोंडा-कुडचडे भागात ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकणाऱ्या दुकानांत चौकशी केली की पत्ता मिळतो. आमच्या कुळागरातला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतला, टॅफे कंपनीचा मॅसी फर्ग्युसन (एमएफ) १०३५ ट्रॅक्टर तिथे दुरुस्तीला दिला होता आणि त्या निमित्ताने आवारात विक्रीला उभ्या असलेल्या इतर ट्रॅक्टरांच्या किमतींवरही मालकांशी सविस्तर बोलणे झाले. कामाबद्दल माझे मत सरळ आहे आणि ते थोडक्यात सांगता येते. किमतींबद्दल मात्र विस्ताराने लिहावे लागेल, कारण त्या किमती ट्रॅक्टरच्या प्रकृतीपेक्षा किनारपट्टीवरच्या हॉटेलांचा हंगाम, क्रूझ जहाजांवरचे पगार, भंगाराचा दर आणि जीएसटी परिषदेचे निर्णय यांवर जास्त हलतात, आणि हे समजून न घेता तिथे पैसे मोजणारा माणूस नाहक भुर्दंड सोसतो.

मालक आणि त्यांचे सोबती हे मूळचे खाणींवरच्या यंत्रांचे मेकॅनिक. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली, आणि सांगे, केपे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांत टिपर आणि एक्स्कॅव्हेटर जागच्या जागी उभे राहिले. हाताला काम नाही पण हत्यारे घरात आहेत, अशा अवस्थेत घाटावरून मोडीत निघालेले ट्रॅक्टर स्वस्तात आणायचे, चालते करायचे आणि विकायचे, असा हा व्यवसाय सुरू झाला. २०१४ मध्ये बंदी उठली. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण न्यायालयाने रद्द ठरवले आणि मार्चपासून खाणी पुन्हा ठप्प झाल्या, तेव्हा मालकांनी खाणीचा नाद कायमचा सोडला. डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले तरी ते परत गेलेले नाहीत. खाण अवलंबितांच्या हालअपेष्टांवर गोव्यात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या पडझडीतून असे एखादे कसबी वर्कशॉप उभे राहिले, याची दखल मात्र फारशी कोणी घेतलेली नाही.

मोठ्या यंत्रांवर हात बसलेला असल्याचा फायदा कामात दिसतो. आमच्या ट्रॅक्टरच्या दोन तक्रारी होत्या: सकाळी थंड असताना तो पांढरा धूर सोडत असे, आणि मागची हायड्रॉलिक लिफ्ट वजन उचलत असे पण धरून ठेवत नसे. गावातल्या एका गॅरेजने न तपासताच इंजिनाला नवे स्लीव्ह-पिस्टन लागतील असे सांगून मोठा खर्च काढला होता. इथे मेस्त्रींनी प्रथम तिन्ही इंजेक्टर काढून टेस्टरवर लावले. दोघांचा फवारा नीट उडत होता आणि तिसऱ्याच्या नोझलमधून डिझेल नुसते ठिबकत होते. नोझल बदलले, इंजेक्टरांना डिझेल पुरवणारा डीपीए पंप कॅलिब्रेशनला पाठवून आणला, टायमिंग पुन्हा बसवले, आणि इंजिन न खोलताच धूर गेला. लिफ्टचे काम अधिक किचकट निघाले, कारण फर्ग्युसन पद्धतीत हायड्रॉलिक पंप मागच्या केसिंगच्या पोटात, गिअरच्याच तेलात बुडालेला असतो आणि तिथवर पोहोचायला वरचे झाकण उतरवावे लागते. सिलिंडरच्या पिस्टनची रिंग झिजलेली होती. काम संपल्यावर नांगर उचलून इंजिन बंद केले आणि ट्रॅक्टर रात्रभर तसाच ठेवला. सकाळी नांगर आदल्या दिवशीच्या खुणेवर होता. काढलेले सगळे जुने भाग तारेत ओवून, प्रत्येकाला चिठ्ठी लावून परत मिळाले. असे करणारी गॅरेजे आता शोधावी लागतात.

रंगकामाबाबत त्यांचा एक नियम आहे आणि तो मला पटला: जून ते सप्टेंबर या काळात ते बाहेरचा रंग मारतच नाहीत. आपल्याकडच्या पावसाळी हवेत रंगावर दमट पांढुरका थर धरतो, आणि पत्र्यात अडकलेला ओलावा पुढच्या चवथीपर्यंत फोड होऊन वर येतो. पण रंगाच्या निवडीबाबत तक्रार आहे. विक्रीच्या ट्रॅक्टरांना ते मोटारीसारखा चकचकीत रंग देतात, आणि त्याखाली बिडाच्या भागांवरच्या ओतकामाच्या खुणा आणि आकडे पुटीने भरून टाकतात. हॉटेलच्या दाराशी उभा करायला तो ट्रॅक्टर देखणा दिसतो. पण जाणकार संग्राहक त्याच खुणांवरून भाग मूळचे आहेत की बदललेले हे ओळखतो, त्यामुळे या झगमगाटाने किंमत वाढण्याऐवजी कमी होते.

विक्रीच्या रांगेत पहिल्यांदा नजर जाते ती करड्या रंगाच्या फर्ग्युसन टीई-२० वर. याला स्टार्टरची वेगळी कळ नाही. गिअरचा दांडा ‘एस’ या खुणेकडे ढकलला की स्टार्टर फिरतो, म्हणजे गिअर पडलेला असताना ट्रॅक्टर अचानक पुढे उडी मारण्याचा धोकाच राहत नाही. हा ट्रॅक्टर स्वतःच युद्धोत्तर अर्थकारणाचे अपत्य आहे. कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेनवरचा, युद्धकाळात विमानांची इंजिने बनवणारा कारखाना शांतता होताच रिकामा झाला. ब्रिटनला धान्यही हवे होते आणि परकीय चलनही. म्हणून पोलादाची टंचाई असतानाही ट्रॅक्टरला पोलाद मिळाले आणि हॅरी फर्ग्युसन यांच्या आराखड्यावरून स्टँडर्ड मोटर कंपनीने १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक टीई-२० बनवले. एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते पट्टे चढवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरूनच. कीर्ती एवढी मोठी असूनही खुद्द ब्रिटनमध्ये हा ट्रॅक्टर सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आहे, कारण तो भरपूर संख्येने शिल्लक आहे आणि त्याचे सुटे भाग आजही नव्याने बनवून विकले जातात. आपल्याकडे मात्र तो क्वचित दिसतो एवढ्याच आधारावर या वर्कशॉपमध्ये त्याची किंमत चार लाख ऐंशी हजार सांगितली जाते.

ही किंमत कुठून आली, हा खरा प्रश्न आहे.

कोणत्याही जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीला तळ असतो तो भंगाराचा. टीई-२० चे वजन साधारण १,१०० किलो; भंगारवाल्याने किलोला तीस रुपये दिले तर ३३ हजार रुपये, म्हणजे ट्रॅक्टर अगदी मेला तरी तेवढे मोल कुठे जात नाही. हा तळ जागतिक पोलाद बाजाराबरोबर वरखाली होतो. २००८ च्या पूर्वार्धात जगभर भंगाराचे भाव गगनाला भिडले होते, आणि त्या काही महिन्यांत अमेरिका व युरोपातल्या शेतांच्या कडेला पडलेले कितीतरी अर्धवट ट्रॅक्टर कापले गेले. वर्षअखेरीस मंदी आली आणि भाव कोसळले, पण कापलेले परत येणार नव्हते. इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. भंगार महाग झाल्याने चांगले ट्रॅक्टर कापले जात नाहीत. कापले जातात ते ज्यांच्यातून दुसऱ्याला एखादा गिअर, एखादे मडगार्ड, एखादे रिम मिळाले असते ते. म्हणून भंगाराच्या तेजीचा परिणाम हौशी बाजारात काही वर्षांनी, सुट्या भागांच्या टंचाईच्या रूपाने दिसतो, आणि तोवर तेजी कोणाच्या आठवणीतही उरलेली नसते. घाटावरच्या खेड्यांतूनही असे पडीक ट्रॅक्टर आता झपाट्याने कमी होत आहेत, असे मालकांचे म्हणणे आहे. पूर्वी बेळगाव, कोल्हापूरकडे एक फेरी मारली की दोन-तीन सापडत, आता भंगारवाला आधी पोहोचतो.

शेतात जुंपण्यासाठी घेतलेल्या जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीला वरून झाकण बसवतो तो नव्या ट्रॅक्टरचा भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी सहा लाखांचा असलेला ट्रॅक्टर त्यामुळे ४२ हजारांनी स्वस्त झाला, आणि तेवढाच दाब कामाच्या सेकंड हँड ट्रॅक्टरांवर खालच्या दिशेने आला. शिवाय रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या पहिल्या सहामाहीत रेपो दर ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आणल्यामुळे नवा ट्रॅक्टर कर्जावर घेणेही थोडे सुलभ झाले. पन्नास वर्षांच्या ट्रॅक्टरला मात्र कोणतीही बँक दारात उभे करत नाही, तो रोखीनेच घ्यावा लागतो. म्हणजे व्याज उतरले की शेतकरी नव्याकडे वळतो आणि जुन्याचा कामाचा भाव घसरतो. वर्कशॉपमध्ये एक चांगला चालता, रंग न मारलेला महिंद्रा बी-२७५ आहे. त्याची किंमत मात्र या घडामोडींनंतरही एका रुपयाने खाली आलेली नव्हती.

टायरांबाबत तर माझा स्पष्ट आक्षेप आहे. त्याच निर्णयात ट्रॅक्टरच्या टायरांवरचा आणि बऱ्याचशा सुट्या भागांवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला. जुन्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत मागची टायरजोडी हा बहुधा सर्वांत मोठा एकरकमी खर्च असतो, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. आमच्या अंदाजपत्रकात मात्र टायर जुन्याच दराने धरले होते. विचारल्यावर जुना साठा असल्याचे कारण मिळाले आणि थोडी घासाघीस केल्यावर दर कमी झाला; पण न विचारणाऱ्याला तो कमी मिळाला नसता, हे उघड आहे.

भंगाराचा तळ आणि नव्याचे झाकण यांच्या पलीकडे उरते ती हौशीची किंमत, आणि सगळा गुंता तिथेच आहे. हौस भागवायला लागतो तो हातात उरलेला पैसा, आणि अर्थव्यवस्थेला पडसे झाले की सर्वप्रथम आटतो तो हाच. गोव्यात हा पैसा तीन वाटांनी येतो. एक वाट तारवटींची, म्हणजे क्रूझ आणि मालवाहू जहाजांवर नोकरी करणाऱ्यांची. बाप-आजोबांच्या शेतातला ट्रॅक्टर पुन्हा चालता व्हावा म्हणून मनापासून खर्च करणारे गिऱ्हाईक त्यांच्यातच जास्त. २०२० मध्ये जगातली क्रूझ जहाजे नांगरून पडली आणि दक्षिण गोव्यातल्या अनेक घरांचे पगार थांबले, तेव्हा या वर्कशॉपकडे अर्धवट खोललेले ट्रॅक्टर कित्येक महिने तसेच पडून राहिले आणि काहींच्या मालकांनी ते आहेत त्या स्थितीत विकून टाकायला सांगितले. जहाजे पुन्हा सुटली तसे तेच लोक परत आले, आणि आता डॉलरमध्ये मिळणारा पगार रुपयात जास्त भरत असल्याने किमतीवर फारशी घासाघीस करत नाहीत. २०१३ च्या सुरुवातीला ५५ च्या आसपास असलेला डॉलर २०२२ मध्ये ८० रुपयांच्या वर गेला, याचा परिणाम धारबांदोड्याच्या आवारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर होतो हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते, पण हिशेब अगदी सरळ आहे. तोच रुपया घसरल्याने ब्रिटनमधून मागवायचे कार्बोरेटर आणि मॅग्नेटोचे (इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचे) भाग महागतात, म्हणजे मागणी वाढते तेव्हाच खर्चही वाढतो.

दुसरी वाट हॉटेले, व्हिला आणि कॅफे यांची. कोविडनंतर बाहेरून आलेल्या पैशाने आसगाव, शिवोली, हळदोणे या भागात जुनी घरे विकत घेऊन सजवण्याची जी लाट आली, तिच्यात दारापुढचा रंगीत ट्रॅक्टर ही एक शोभेची वस्तू झाली. लग्नाच्या छायाचित्रांसाठीही तो भाड्याने मागितला जातो. या गिऱ्हाइकाला इंजिन चालते का याच्याशी कर्तव्य नसते. मेस्त्रींचे शब्द इथे जसेच्या तसे देतो: “सर, रंगाचे पैसे कोणीही देतो, पंपाचे पैसे मागितले की तोंड वाकडे होते.” टीई-२० ची चार लाख ऐंशी हजार ही किंमत याच गिऱ्हाइकाने लावून दिलेली आहे. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही, कारण बाजारात कोणी देतो ती किंमत खरीच असते. पण ती पर्यटन आणि जमिनीच्या व्यवहारांवर उभी आहे, आणि ज्या हंगामात हॉटेले रिकामी राहतील त्या हंगामात हे गिऱ्हाईक एकदम नाहीसे होईल. शोभेच्या वस्तूला दुसरा पर्याय सहज मिळतो. बैलगाडीचे चाकही चालते.

तिसरी वाट शेतकऱ्यांची, आणि ती सर्वांत अरुंद. आपल्या खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, शेतांत आणि डोंगराळ तुकड्यांत मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा पॉवर टिलर सोयीचा पडतो. ऊस असेपर्यंत सांगे, धारबांदोडा भागात ट्रॅक्टरला काम होते. संजीवनी साखर कारखान्याचे गाळप २०१९-२० पासून बंद पडल्यावर ऊसवाल्यांचे काही ट्रॅक्टर विक्रीला आले आणि ते स्वस्तात गेले. राज्यातली एखादी प्रक्रिया संस्था थांबली की तिच्या भोवतालच्या जुन्या यंत्रांचे मोल किती खाली येते, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

अमेरिकेत हाच खेळ मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात गेले, जमिनीचे भाव पडले आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या अवजारांचे लिलाव झाले. २०१२ च्या दुष्काळात मक्याचा भाव बुशेलला (धान्य मोजण्याच्या तिथल्या मापाला) आठ डॉलरच्या वर गेला; ज्यांच्याकडे विकायला मका होता त्यांचे खिसे भरले, आणि आजोबांच्या काळातला हिरवा जॉन डिअर किंवा लाल फार्मॉल दारी हवा अशी इच्छा असलेले लोक लिलावात हात वर करू लागले. २०१४ मध्ये मका चार डॉलरच्या खाली घसरला आणि साध्या, भरपूर संख्येने बनलेल्या मॉडेलांची मागणी थंडावली. फार दुर्मिळ ट्रॅक्टरांना अशा चढउतारांची झळ कमी बसते, कारण ते घेणारे लोक मक्याच्या भावावर जगत नाहीत. पण त्याहून खोल परिणाम वयाचा आहे. माणूस लहानपणी ज्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसला तोच त्याला म्हातारपणी हवा असतो. १९४० च्या दशकात वाढलेली पिढी जसजशी आपले संग्रह आवरते आहे, तसतसा माल बाजारात येतो आहे आणि तो घेणारे कमी होत आहेत. व्याजदर पुन्हा उतरतील, मका पुन्हा चढेल. ही पिढी परत येणार नाही.

हा मुद्दा आपल्याकडे उलट बाजूने लागू पडतो, आणि वर्कशॉपच्या मालकांना तो पुरता उमगलेला दिसत नाही. भारतात आयशरचा पहिला स्वदेशी ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादहून निघाला, टॅफेची स्थापना १९६० ची, महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर बी-२७५ आणला तो १९६० च्या दशकात, एचएमटीने पिंजोरला झेटरच्या सहकार्याने उत्पादन सुरू केले ते १९७१ मध्ये. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ट्रॅक्टरच्या वाटपावर सरकारी नियंत्रण होते आणि नाव नोंदवून वाट पाहावी लागे, त्यामुळे ट्रॅक्टर दारी येणे हा घराच्या इतिहासातला प्रसंग होता. त्या घरांतली तेव्हाची मुले आज पन्नाशी-साठीत, कमावून बसलेली आहेत. त्यांना कॉव्हेंट्रीचा करडा फर्ग्युसन आठवत नाही. त्यांना आठवतो एचएमटी, फोर्ड ३६००, बी-२७५. पंजाब-हरियाणात एचएमटी ५९११ मागे आजही लोक कसे धावतात हे सर्वश्रुत आहे, आणि एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग २०१६ मध्ये बंद झाल्याने त्यांची संख्या आता वाढणार नाही. याच्या उलट एमएफ १०३५ चे कूळ अजून चालू आहे, भाग कुठेही मिळतात, दुरुस्ती सोपी आहे; म्हणूनच तो जुना ठेवायला उत्तम आणि गुंतवणूक म्हणून सामान्य. तरीही आवारातला एकमेव एचएमटी २५११ सर्वांत मागे, ताडपत्रीखाली, धूळ खात उभा होता आणि त्याची किंमत टीई-२० च्या एक तृतीयांशही नव्हती. विदेशी ते मौल्यवान हा पोर्तुगीज काळापासूनचा आपला समज इथेही टिकून आहे.

वर्कशॉप किंमत ठरवून देण्याची सेवाही पुरवते: ट्रॅक्टर तपासून, दोन हजार रुपये घेऊन, कागदावर आकडा लिहून देतात. आमच्या १०३५ ला त्यांनी पावणेतीन लाख लिहून दिले. तपासणी बारकाईने झाली. कॉम्प्रेशन, तेलाचा दाब, इंजिनाच्या ब्रीदर नळीतून येणारा धूर, स्टिअरिंगचा ढिलेपणा, सगळे नोंदवले. परंतु त्या निरीक्षणांचा अंतिम आकड्याशी काहीही संबंध दिसत नाही, कारण आकडा हॉटेलवाल्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. माझ्या मते शेतात रोज चालणाऱ्या, मूळ रंग उडालेल्या या ट्रॅक्टरला आज दीड लाखाच्या वर देणारा शहाणा शेतकरी भेटणार नाही. वारसांत वाटणी करताना किंवा विमा उतरवताना हा कागद वापरायचा कोणाचा बेत असेल, तर त्याने तो वापरू नये. तपासणीचा अहवाल म्हणून मात्र दोन हजार रुपये वसूल होतात.

मालक जुन्या ट्रॅक्टरला गुंतवणूक म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू पाहतात, तेही मला खटकले. मुदत ठेवीवर साडेसहा-सात टक्के मिळत असताना पावणेपाच लाखांचा ट्रॅक्टर नुसता शेडमध्ये उभा ठेवला तर वर्षाला तीस हजारांच्या घरात व्याज बुडते. शिवाय आपल्या खाऱ्या हवेत गंज, बॅटरी, टायरांच्या भेगा आणि डिझेल टाकीतला गाळ यांचा खर्च वेगळा. सोन्याने एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याला लाखाचा टप्पा गाठला आणि त्याला ग्रीस लागत नाही. ट्रॅक्टर घ्यावा तो चालवायला, मुलांना दाखवायला, फारतर गावच्या मिरवणुकीत ओढायला.

बिलाबद्दलही सांगायला हवे. मजुरी आणि सुटे भाग वेगळे न दाखवता एका ओळीत एकच आकडा लिहिलेला होता. आग्रह धरल्यावर तपशील मिळाला आणि तो योग्यच होता, पण आग्रह का धरावा लागावा? कबूल केलेली मुदतही बरीच उलटून गेली, अर्थात त्यातला काही काळ पंप बाहेर गेल्यामुळे गेला. दुरुस्तीसाठी मी हे वर्कशॉप निःशंकपणे सुचवीन. फर्ग्युसन घराण्यातल्या ट्रॅक्टरांची हायड्रॉलिक लिफ्ट इतकी जाणून असणारी माणसे मला गोव्यात दुसरीकडे भेटलेली नाहीत. विक्रीसाठीच्या रंगवलेल्या ट्रॅक्टरांपासून लांब राहावे. घ्यायचाच असेल तर न रंगवलेला बी-२७५ किंवा मागे उभा असलेला एचएमटी घ्यावा, तोही पावसाळ्यात, कारण तेव्हा हॉटेलवाले फिरकत नाहीत आणि मालकांना रोकड हवी असते.

घेताना कागदपत्रे स्वतः तपासावीत, कारण ती बाजू वर्कशॉप गिऱ्हाइकावरच सोडते. घाटावरून आलेल्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांच्या आरसी बुकावर चार दशकांपूर्वीच्या कर्जाचा बोजा अजून तसाच चढलेला असतो. कर्ज फिटलेले असले तरी बँकेचे पत्र कोणी आणलेले नसते, आणि आता ती शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. कर्नाटक किंवा महाराष्ट्राच्या आरटीओचे ना-हरकत पत्र नसेल तर गोव्यात नोंदणी होत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील व्हिंटेज गाड्यांसाठी वीस हजार रुपये शुल्काची स्वतंत्र नोंदणी आणली खरी, पण ती खासगी दुचाकी-चारचाकी गाड्या डोळ्यांसमोर ठेवून आहे, ट्रॅक्टरला ती लागू होईल असे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर गृहीत धरू नये. चेसिस क्रमांक पत्र्याच्या पट्टीवर नव्हे तर बिडावर कोरलेला पाहावा, तो आरसी बुकाशी जुळवावा, आणि बोजा उतरल्याचे पत्र हाती पडेपर्यंत निम्मी रक्कम आपल्याकडेच ठेवावी. मालक सुरुवातीला कुरकुर करतात, पण ही अट मान्य करतात.